फुलझाडांच्या बहुभाषी पाट्या : दोन पावसाळ्यांनंतरचा हिशेब

कुडाळपासून बांद्यापर्यंतच्या रोपवाटिकांत फुलझाडांच्या नावांच्या छापील पाट्यांचा एक संच मिळतो. साठ पाट्या. प्रत्येकीवर वर शास्त्रीय नाव, खाली मराठी, कोकणी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी नाव, उजव्या कोपऱ्यात फुलाचा फोटो आणि तळाला ‘मूळ’ म्हणून एखाद्या देशाचं नाव. संच 2,400 रुपयांना, म्हणजे पाटीमागे 40 रुपये. विक्रेत्याचं नाव इथं देत नाही, कारण हाच माल तीन-चार वेगवेगळ्या वेष्टणांत फिरतोय आणि छापणारा एकच दिसतो. सगळ्या वेष्टणांत त्याच चुका आहेत. गिऱ्हाईक बहुतेक शाळा, देवस्थानं आणि होमस्टेवाले. घरच्या परड्यात वीस-पंचवीस फुलझाडं असणाऱ्यालाही उपयोग आहे, पण त्यानं पूर्ण संच घेऊ नये. सुट्या पाट्या 45 रुपयांना मिळतात.

पाटीला दहापैकी सात, मजकुराला सहा, सोबतच्या सळईला शून्य.

सळईचं आधी उरकून टाकू. संचासोबत फूटभर लांबीच्या रंगवलेल्या लोखंडी सळया येतात, पाटी त्यांना अडकवून जमिनीत रोवायची. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर खारा वारा असलेल्या जागी लोखंड नेमकं मातीच्या रेघेवर गंजतं, कारण तिथं ओल आणि हवा दोन्ही एकत्र मिळतात. पहिल्याच पावसाळ्यात साठातल्या निम्म्याहून जास्त सळया तिथूनच मोडल्या. बांबूची काठी लावली तर वाळवी आणि कुज मिळून दीड वर्ष देतात. आपल्याकडे याला सोपा तोडगा आहे : जांभ्याच्या चिऱ्याचा चतकोर तुकडा. त्याला 6 मिलिमीटरचं भोक पाडायचं, प्लास्टिकची गुल्ली ठोकायची आणि स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूनं पाटी बसवायची. जांभा मऊ, साध्या ड्रिलनंही भोक पडतं, फक्त काठापासून दोन बोटं आत घ्या, नाहीतर ढलपी उडते. चिरा कुजत नाही, गुरांच्या धक्क्यानं पडत नाही आणि गवत कापणाऱ्याला लांबून दिसतो. पाटी झाडाच्या खोडावर खिळ्यानं ठोकू नका. तारेनं बांधायचीच असेल तर दोन बोटं आत जातील इतकी ढिली ठेवा आणि दरवर्षी मे महिन्यात सैल करा. बकुळीच्या वाढत्या खोडात तार रुतली की पानांतलं अन्न खाली मुळांकडे नेणारी सालच आवळली जाते.

पाटी स्वतः बरी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक अशी 3 मिलिमीटरची चादर, वर छापलेलं विनाइल चिकटवलेलं. उन्हानं लाल आणि गुलाबी रंग फिके होतात, काळी अक्षरं टिकतात. मोडतात त्या कडा. पागोळीखाली लावलेल्या पाट्यांचं विनाइल कोपऱ्यातून सुटलं, आत पाणी शिरलं आणि मागून काळी बुरशी चढली. लावण्याआधी चारही कडांवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात फिरवला तर हे टळतं. शेवाळ आलं तर ओल्या फडक्यानं पुसायचं, काथ्यानं घासायचं नाही.

आता मजकूर, म्हणजे खरा माल.

शास्त्रीय नाव रोमन लिपीत दिलंय, ते योग्यच. देवनागरीत एकच नाव मॅग्नोलिया चंपाका, माग्नोलिआ चम्पका, मॅग्नोलिया चंपका असं तीन तऱ्हांनी लिहिलं जातं आणि शोधायला गेलं की तीनही वेळा वेगळं काही हाती लागतं. पण छापणाऱ्यानं सगळं नाव मोठ्या अक्षरांत छापलंय. यात नियमाचा मान राखण्याचा प्रश्न नाही, माहिती हरवते. पहिला शब्द प्रजातीचा, त्याचं पहिलं अक्षर मोठं. दुसरा शब्द जातीचा, तो पूर्ण लहान अक्षरांत. दोन्ही तिरप्या ठशात. त्यापुढे वाणाचं नाव असेल तर ते सरळ ठशात, एकेरी अवतरणचिन्हात. सगळं मोठ्या अक्षरांत आलं की कुठे जात संपली आणि कुठे वाण सुरू झाला ते कळत नाही. अबोलीच्या पाटीवर याचा थेट तोटा होतो. साधी अबोली आणि दिल्ली अबोली दोन्ही क्रॉसँड्रा इन्फंडिबुलिफॉर्मिसच. दुसऱ्या शब्दाचा अर्थ नरसाळ्याच्या आकाराची, फूल हातात घेतलं की पटतं. साधी अबोली बियांवर येते, तिची सुकलेली बोंडं पाणी लागताच तडकून बी उडवतात. दिल्ली अबोली मात्र त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असलेली, तिला बी धरत नाही, तिची रोपं फांद्यांच्या काड्यांवरच करावी लागतात. वाणाचं नाव नसलेली पाटी वाचून बी गोळा करायला बसलेला माणूस वर्षभर बसून राहील.

पाच पाट्यांवर जुनी शास्त्रीय नावं आहेत. सोनचाफा मिचेलिया चंपाका म्हणून छापलाय, आता तो मॅग्नोलिया चंपाका. निशिगंध पॉलिअँथिस ट्यूबरोसा म्हणून, आता तो अगेव्ह अमिका, म्हणजे आपल्या घायपाताच्या प्रजातीत गेला. सदाफुली विंका रोजिया, आता कॅथरँथस रोजियस. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी थेवेशिया पेरुवियाना, आता कॅस्कॅबेला थेवेशिया. केवडा पँडॅनस ओडोरॅटिसिमस, आता पँडॅनस ओडोरिफर. ही नावं जुनी झाली, चुकीची नव्हेत. जुनं नाव टाकून शोधलं तरी नव्यापर्यंत पोचता येतं, आणि सदाफुलीचं बी तर आजही पाकिटावर विंका म्हणूनच विकलं जातं. त्यामुळे या पाच पाट्या फेकायचं कारण नाही. शेवंतीची मात्र बदला. तिथं क्रिसँथेमम इंडिकम छापलंय. बागेतली मोठी शेवंती संकरातून आली आहे, तिचं नाव क्रिसँथेमम मोरिफोलियम आणि दोन शब्दांच्या मध्ये गुणाकाराची खूण, हीच संकराची ओळख. स्पेलिंगच्या चुका चार पाट्यांवर आहेत आणि त्या जुन्या नावापेक्षा वाईट, कारण चुकलेलं अक्षर शोधाला कुठेच नेत नाही. तगरीचं टॅबर्निमोंटाना हे नाव तर असं आहे की सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या आडनावातला एक स्वर इकडचा तिकडे झाला तरी डोळ्याला दिसत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक नागचाफ्याच्या पाटीवर. तिच्यावर शास्त्रीय नाव मेसुआ फेरिआ, हिंदी नागकेसर, कन्नड नागसंपिगे, सगळं बरोबर. फोटो मात्र प्लुमेरिया पुडिकाचा. हे कसं झालं ते समजण्यासारखं आहे. नर्सरीत ‘नागचाफा’ मागितला की आज बहुतेक ठिकाणी प्लुमेरिया पुडिकाच काढून देतात, कारण तिचं पान टोकाकडे रुंद होऊन नागाच्या फण्यासारखं दिसतं. ही अमेरिकेकडची कुंडीतली शोभेची वनस्पती, पांढऱ्या फुलांचे झुबके जवळपास वर्षभर, वास नावापुरता. मेसुआ फेरिआ हा सावकाश वाढणारा मोठा वृक्ष, लाकूड इतकं जड की नावातच लोखंड आलंय. आणखी एक घोटाळा म्हणजे कैलासपती, कौरौपिटा गियानेन्सिस. त्याच्या फुलात पुंकेसरांचा भाग फण्यासारखा पाकळ्यांवर वाकलेला असतो, म्हणून हिंदीभाषक त्यालाही नागचंपा म्हणतात. एका नावाखाली तीन झाडं, आणि तिन्ही एकमेकांच्या कुळाजवळही नाहीत.

ओळखायचं कसं? पान तोडा. पांढरा चीक आला तर प्लुमेरिया. नागकेशराची पानं समोरासमोर, अरुंद, भाल्यासारखी, खालून पांढुरकी. कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती. फुलाला चार पांढऱ्या पाकळ्या आणि मध्ये पिवळ्या केसरांचा भरगच्च गोंडा. कैलासपतीला फुलं फांदीच्या टोकाला येतच नाहीत, थेट खोडातून निघणाऱ्या लोंबत्या दांड्यांवर येतात आणि पुढे तोफगोळ्याएवढी फळं धरतात. देवळाच्या आवारात नागकेशर लावायचा आणि घरी आणायचा प्लुमेरिया, असं झालं तर फुलाला दोन महिने थांबून चूक कळेल असं नाही. प्लुमेरिया लगेच फुलतो आणि लोक खूशही होतात, नागकेशर मात्र कधीच येत नाही.

चाफ्यांचं तसंही अवघड आहे. मराठीत चाफा हा एका झाडाचा शब्द नाही, सुगंधी फुलाचा किताब आहे. सोनचाफा मॅग्नोलियाच्या कुळातला. देवचाफा प्लुमेरिया, म्हणजे कण्हेरीच्या कुळातला. हिरवा चाफा आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस, सीताफळाच्या कुळातला, त्याला आकड्यासारख्या देठांनी चढायची सवय. भुईचाफा केम्फेरिया रोटुंडा, हळदीच्या कुळातला, पान यायच्या आधी उन्हाळ्यात मातीतून थेट फूल काढणारा. संचात या चारही पाट्या आहेत आणि चारही बरोबर आहेत, हे सांगायलाच हवं. इथं कन्नडची ओळ वाचा. देवचाफ्याला कन्नडमध्ये देवकणगिले, आणि कणगिले म्हणजे कण्हेर. वनस्पतिशास्त्रानं ज्या दोन झाडांना एका कुळात बसवलं ते कन्नड बोलणाऱ्यांनी चीक बघूनच बसवलं असावं. मराठीनं वासावरून नाव दिलं, कन्नडनं झाडावरून.

इंग्रजीची ओळ सगळ्यात कुचकामी. संचातल्या नऊ पाट्यांवर इंग्रजी नावात ‘जास्मिन’ हा शब्द आहे. त्यातल्या चारच जस्मिनम प्रजातीतल्या : मोगरा, जाई, जुई, कुंद. उरलेल्या पाचांत पारिजातक ‘नाइट जास्मिन’, रातराणीही ‘नाइट जास्मिन’, अनंत ‘केप जास्मिन’, तगर ‘क्रेप जास्मिन’ आणि कुंती ‘ऑरेंज जास्मिन’. पारिजातक निदान मोगऱ्याच्या कुळातला तरी आहे. रातराणी बटाट्या-वांग्याच्या कुळातली, अनंत कॉफीच्या, तगर कण्हेरीच्या, कुंती लिंबाच्या. गोऱ्या माणसाला पांढरं आणि वासाचं दिसलं की त्यानं जास्मिन म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. पाहुण्यांसाठी पाट्या लावणाऱ्या होमस्टेवाल्यांना नेमकी हीच ओळ हवी असते, म्हणून सांगतो : इंग्रजी नावावरून रोप मागवू नका आणि मागवू देऊही नका. एकाच नावानं पारिजातकाऐवजी रातराणी आली तर फरक नुसता वासाचा नाही. रातराणी विषारी आहे.

खऱ्या जस्मिनमच्या चार पाट्या लावताना मात्र चूक आपल्याच हातून होते, कारण चारही रोपं फुलाशिवाय सारखी वाटतात. पान बघा. मोगऱ्याचं पान साधं, एकेरी, चकचकीत. कुंदाचंही एकेरी, पण लवदार, आणि फुलं थंडीत. जाईचं पान पिसासारखं, एका देठावर सात-नऊ पर्णिका, आणि कळीची बाहेरची बाजू गुलाबी झाक मारणारी. जुईच्या पानाच्या बुडाशी दोन इवल्या पर्णिका कानांसारख्या चिकटलेल्या असतात. तिच्या शास्त्रीय नावातल्या ऑरिक्युलॅटम या शब्दाचा अर्थच कानवाली. हे एकदा हातात पान धरून पाहिलं की पुन्हा विसरत नाही. ‘चमेली’ हे हिंदी नाव जाईच्या पाटीवर दिलंय, ते बरोबर. कोकणातली रानावनातली कुसर, जस्मिनम मलबारिकम, संचात नाही. असायला हवी होती.

अनंत आणि दुहेरी तगर यांची अदलाबदल रोपवाटिकेतच होते आणि पाटी ती पक्की करते. तीही ओळख चिकावरून : तगरीचं पान तोडलं की दूध, अनंताच्या पानाला काही नाही. अनंताचं फूल पांढरं उमलून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मलईसारखं पिवळट होतं, तगर पांढरी ती पांढरीच गळते. हा फरक खताच्या वेळी भोवतो. अनंताला आम्लधर्मी माती लागते. जांभ्याच्या मातीत तो खूश असतो. पण तेच रोप किनाऱ्यालगतच्या शिंपल्यांच्या वाळूत किंवा चुन्याच्या भिंतीला टेकून लावलं की त्याला लोह उचलता येत नाही आणि शिरा हिरव्या ठेवून पान पिवळं पडतं. तगरीचा असा काही हट्ट नाही. पाटी अनंताची आणि झाड तगरीचं असेल तर माणूस फुकटच लोहाची पूड टाकत बसतो. आयुर्वेदिक दुकानात ‘तगर’ मागितली तर मिळणारी मुळी हिमालयातल्या व्हॅलेरियानाची असते, परड्यातल्या तगरीची नव्हे. हे पाटीवर लिहायला जागा नाही हे मान्य, पण कुणीतरी परड्यातली मुळी उगाळण्याआधी कळलेलं बरं.

अशीच गंमत गंधराजची. हिंदीत गंधराज म्हणजे अनंत. कन्नडमध्ये सुगंधराज म्हणजे निशिगंध. संचात दोन्ही आपापल्या जागी बरोबर छापलेत. कारवारकडून फुलं मागवणाऱ्यानं मात्र फोनवर ‘गंधराज’ म्हणू नये. निशिगंधाच्या दांड्यांची पेटी येऊन पडेल.

गोकर्णाच्या पाटीवर हिंदी रकान्यात ‘अपराजिता’ आहे, बरोबर. कन्नड रकान्यात ‘शंखपुष्पा’, तेही बरोबर. पण याच नावामुळे गोकर्णाची निळी फुलं शंखपुष्पी म्हणून खपतात. उत्तरेकडचे वैद्य शंखपुष्पी म्हणून जी घेतात ती कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस, जमिनीवर पसरणारं, छोट्या फुलांचं वेगळंच रोप. गोकर्णाचं शास्त्रीय नाव क्लिटोरिया टर्नेटिया, त्यातलं टर्नेट हे इंडोनेशियातलं बेट.

आता ज्या ओळीसाठी इकडच्या माणसानं हा संच घ्यायला हवा, ती कोकणी. ती निम्मी भरताड आहे. जास्वंदीला ‘दासवण’ दिलंय, छान. शेजारीच कन्नडचं ‘दासवाळ’ आहे, दोन्ही एकाच घरचे शब्द हे वाचणाऱ्याला दिसतं. निम्म्या पाट्यांवर मात्र मराठी शब्दच पुन्हा छापलाय. केवड्यापुढे ‘केवडा’ आहे. इथला माणूस केगद म्हणतो. झेंडूपुढे ‘झेंडू’ आहे. गोव्यात त्याला रोजां म्हणतात, आणि ते न सांगितल्यामुळे गोव्यात गुलाब समजून झेंडू आणणारे पाहुणे निघतात. बकुळीपुढे ‘बकूळ’ आहे. तळकोकणात बकूळ कुणाच्या तोंडात नाही, ते झाड ओवळ. देवळाच्या घाटीत पहाटे वेचली जातात ती ओवळाची फुलं. सुरंगीची पाटी तर संचात नाहीच! आरवलीच्या टापूत सुरंगीचे वळेसार, म्हणजे गजरे, विकून संसार चालतात आणि कोकणाच्या नावानं विकल्या जाणाऱ्या साठ पाट्यांत ट्युलिप आहे, सुरंगी नाही. शास्त्रीय नाव मॅमिया सुरिगा, आणि सुरिगा हा शब्द इथलाच, कन्नडमध्ये सुरगि. तिच्या वाळलेल्या कळ्या बाजारात ‘तांबडा नागकेशर’ म्हणून जातात, म्हणजे नागचाफ्याच्या गोंधळात चौथं झाड. तिच्या पाटीवर आणखी एक गोष्ट लिहावी लागली असती : सुरंगीत काही झाडं नर, काहींना द्विलिंगी फुलं, आणि बियांपासून केलेलं रोप कोणतं ते फुलल्याशिवाय कळत नाही.

हे जास्त खटकतं कारण झाडाच्या चित्रावर अनेक लिप्यांत नावं लिहायचा उद्योग याच किनाऱ्यावर साडेतीनशे वर्षांपूर्वी होऊन गेला. कोचीचा डच गव्हर्नर हेन्ड्रिक व्हान ऱ्हीड यानं ‘हॉर्टुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवला. तो 1678 ते 1693 या काळात अ‍ॅमस्टरडॅमला छापला गेला. त्यातल्या चित्रांवर झाडाचं नाव लॅटिन, मलयाळम, अरबी आणि नागरी लिपीतल्या कोकणीत कोरलेलं आहे. कोकणी नावं रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा वैद्यांकडून घेतली होती. पुढे स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं 1753 मध्ये झाडांना नावं देताना या ग्रंथातले देशी शब्द उचलले. बकुळीच्या मिमुसॉप्स एलेंगीमधला एलेंगी म्हणजे मलयाळममधला इलंजि, सोनचाफ्याच्या नावातला चंपाका म्हणजे आपला चंपक. तेव्हा माणसं झाडाखाली उभं राहून नाव विचारत होती. या संचाच्या छापणाऱ्यानं वेंगुर्ल्याच्या बाजारात तासभर उभं राहून फुलं विकणाऱ्या बायकांना विचारलं असतं तरी कोकणीचा रकाना पुरा झाला असता.

‘मूळ’ ही तळाची ओळ सरळ झाकून टाका. ती नाव वाचून भरलेली दिसते. कर्दळीचं नाव कॅना इंडिका, म्हणून मूळ ‘भारत’ छापलंय. कर्दळ उष्ण अमेरिकेतली आणि इंडिका हे नाव वेस्ट इंडीजकडचं. मोठ्या झेंडूला इंग्रजीत आफ्रिकन म्हणतात म्हणून मूळ ‘आफ्रिका’, झेंडू मेक्सिकोचा. मोगऱ्याला ‘अरेबियन’ म्हणतात म्हणून ‘अरबस्तान’. मोगरा आपल्याच बाजूचा, त्याच्या नावातला सँबॅक हा शब्द तेवढा अरबी. देवचाफ्यालाही ‘भारत’, बहुधा देवळात दिसतो म्हणून. तो अमेरिकेतून आलेला. सदाफुलीचं मादागास्कर बरोबर आहे, गुलबक्षीचं पेरू चालून जाईल. शास्त्रीय नावातला गावाचा-देशाचा शब्द म्हणजे झाडाचा जन्मदाखला नव्हे. जास्वंदीला लिनियसनं चीनचा गुलाब म्हटलं, म्हणून ती गुलाब झाली नाही.

ज्या जागेत खरंच काही छापायला हवं होतं ती जागा या ओळीनं खाल्ली. कण्हेर, बिट्टी, रातराणी आणि कळलावी या चार पाट्यांवर विषाची खूण नाही. संच शाळांना विकला जातो. बिट्टीच्या बिया मुलं खेळायला घेतात, आणि त्यातला विषारी भाग थेट हृदयावर काम करतो. कळलावीला गणपती-गौरीच्या दिवसांत घरात आणायची पद्धत आहे, तिचा कंद पोटात गेला तर जीवघेणा ठरतो. या चार पाट्यांच्या तळाला तांबड्या तैलरंगानं ‘विषारी’ असं हातानं लिहा, ‘मूळ’ आपोआप झाकलं जाईल.

मिरची जास्वंदीची पाटी शास्त्रीय नावापुरती चुकली आहे : तिथं हिबिस्कसच छापलंय, हवं होतं माल्व्हाव्हिस्कस. तिचं फूल कधीच पुरतं उमलत नाही, म्हणून ओळखणं सोपं. कंदील जास्वंद, पाकळ्या झालरीसारख्या कातरलेली, ती मात्र खरी हिबिस्कस. तिची पाटी ठीक.

संच हाती आला की आधी सगळ्या पाट्या लावायला धावू नका. रोपाला फूल येईपर्यंत पाटी घरात, आणि तोवर रोपाजवळ कच्ची खूण. कच्च्या खुणेसाठी मार्कर वापरू नका, त्याची शाई दोन महिन्यांच्या उन्हात उडते. खडबडीत प्लास्टिकच्या पट्टीवर 2बी पेन्सिलीनं लिहिलेलं पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाचता येतं. त्याहून टिकाऊ हवं तर शीतपेयाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याची पट्टी कापा, खाली जुनं मासिक ठेवा आणि शाई संपलेल्या बॉलपेननं दाबून लिहा. अक्षर उमटतं ते पत्र्यात, शाई नसल्यानं उडायचा प्रश्नच नाही. कात्रीनं कापलेली कड फार धारदार असते, ती आधी दुमडून घ्या.

विक्रेता हव्या त्या मजकुराची सुटी पाटी 60 रुपयांना करून देतो, कमीत कमी पाच. चांगली सोय आहे, सुरंगी, कुसर, केगद सगळं करून घेता येतं. मजकूर मोबाइलवरून पाठवायचा आणि छापण्याआधी नमुना बघायला मागायचा, मागितल्याशिवाय ते दाखवत नाहीत. नमुना अक्षर-अक्षर वाचा, कारण तिथं बसलेला माणूस ओळखीचा शब्द दिसेल तसा बदलून टाकतो. मिमुसॉप्स एलेंगीच्या पाटीसाठी ‘ओवळ’ असं लिहून पाठवलं होतं. नमुना आला त्यावर ‘आवळा’ होतं, आणि कुणी सांगितलं नसताना फोटोही आवळ्याचा लावून दिला होता.